पौषातला कोंबडा

पहाटे पडवीत आलो तर कौलांवरून दव टपटपत होतं. आमच्या पावस गावची थंडी ती काय, फार तर अठरा अंशांची. पण आंब्याला मोहोर धरायला तीच लागते, म्हणून इथे कुणी तिला नावं ठेवत नाही. मीच एकटा शहाणा. आमच्या तांबड्या कोंबड्याला वारा लागेल म्हणून काल संध्याकाळी खुराड्याला चारी बाजूंनी ताडपत्री गुंडाळली.

फळी काढली आणि नाकात उग्र भपका शिरला. आतून ताडपत्रीला घाम फुटलेला, तूस ओलंचिंब. कोंबडा दांडीवर डोळे किलकिले करून बसला होता. आई मागून म्हणाली, "अरे, त्याला थंडी वाजत नव्हती, तो घुसमटत होता."

खरं आहे. त्याच्या अंगातच एकेचाळीस अंशांची शेगडी. पिसं फुलवली की मधली हवा म्हणजे गोधडीच. पोटाखाली बोटं झाकली की झालं. बर्फाळ मुलखात तुऱ्याला हिमदंश होतो, ओल असली तर आणखीच. इथे भीती आहे ती ओलीची आणि मुंगसाची.

ताडपत्री सोडली. वरची फट उघडी ठेवून तिला बारीक जाळी ठोकली, खाली कोरडं तूस पसरलं. बोटं पोटाखाली नीट झाकली जावीत म्हणून गोल दांडी काढून रुंद, चपटी फळी बसवली.

तर हा पठ्ठ्या आज रातांब्याच्या फांदीवर जाऊन बसलाय. हाकलून दमलो.