‘काही आढळलं नाही’ लिहिण्याआधी

पेट्रोल पंपाखालच्या जमिनीत तेल मुरलंय का, हे शोधायला बोअर घेणं आणि मातीचे नमुने काढणं हे माझं काम. ‘तेल आढळलं’ असं अहवालात लिहायला धाडस लागत नाही, प्रयोगशाळेचा आकडा पाठीशी असतो. ‘काही आढळलं नाही’ लिहिताना मात्र माझा हात जड होतो. त्या वाक्यावर विसंबून शेजारच्या घरातली माणसं आपल्या विहिरीचं पाणी पुन्हा प्यायला लागणार असतात.

आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये आकारमानाने १ टक्क्यापर्यंत बेंझिन असायला परवानगी आहे. म्हणजे लिटरमागे १० मिलिलिटर, वजनाने पावणेनऊ ग्रॅमच्या आसपास. बेंझिनमुळे कर्करोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी त्याची मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅम ठेवली आहे. हिशेब केला तर एका लिटर पेट्रोलमधलं बेंझिन जवळपास पावणेनऊ लाख लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत नेऊ शकतं. पाइपाच्या सांध्यातून थेंब थेंब गळणारं तेल टाकीत डिप घालून रोज घेतलेल्या मापात सहज लपून जातं.

या कामाची बरीचशी पुस्तकं वाळूमातीच्या प्रदेशांवर लिहिलेली आहेत. तिथे तेल पाण्याच्या उताराबरोबर पसरत जातं, आणि चार बोअर नीट घेतल्या की त्याची हद्द नकाशावर आखता येते. महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भाग बेसाल्टचा. वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली फुटका खडक आणि मग अखंड पाषाण. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, तेव्हा तेलाला मुरत जायचीही गरज उरत नाही, ते भेगेतून थेट मुरमात उतरतं. पुढचा प्रवास खडकाच्या सांध्यांतून. एकमेकींपासून दहा फुटांवरच्या दोन बोअरपैकी एकीत डोकं धरेल इतका वास आणि दुसरी स्वच्छ, असं इथे सर्रास घडतं. म्हणून यंत्र आणण्याआधी मी आसपासच्या विहिरी उतरत्या उन्हात वाकून बघते. विहिरीच्या भिंतीत आणि ओढ्याच्या काठावर खडकाचे सांधे कोणत्या दिशेने जातात ते उघडं दिसतं. बोअरची जागा तिथे ठरते. पंपमालकाला जिथे सोयीची वाटते तिथे नाही.

यंत्रांचीही एक गोष्ट सांगायला हवी. तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडच्या बोअरच्या गाड्या महाराष्ट्रभर फिरतात. पाण्यासाठी बोअर मारायला त्यांच्यासारखी दुसरी यंत्रं नाहीत, पाषाण फोडत त्या दिवसात शेकडो फूट जातात. पण त्या चालतात दाबाच्या हवेवर. आम्हाला जी वाफ शोधायची असते ती त्याच हवेबरोबर उडून जाते, शिवाय हॅमरचं वंगण भोकात उतरतं आणि नमुन्यात नसलेलं तेल दिसायला लागतं. आम्ही पहिला दीड मीटर हाताने खणतो, कारण पंपाखाली तेलाचे पाइप आणि विजेच्या केबल असतात. मग मातीत आणि मुरमात ऑगर, म्हणजे फिरवत खाली न्यायचा बरमा, आणि खडक लागला की कोअर काढणारं यंत्र. त्याला पाणी लागतं, म्हणून त्या पाण्याचाही नमुना आधी तपासायला जातो. रॉडच्या आट्यांना ग्रीस लावायचं नाही. सुरुवात जिथे तेल नसेल असं वाटतं तिथून करायची आणि टाकीजवळ शेवटी यायचं. यंत्रावरच्या कामगारांना फुटाच्या दराने पैसे देऊ नयेत, दिवसाच्या दराने द्यावेत, हे माझं ठाम मत आहे. फुटाचा दर घाई करायला लावतो. शांतपणे काम करणारा कारागीर रॉडच्या आवाजावरून ‘मॅडम, माती बदलली’ असं सांगतो, आणि नेमक्या त्याच सांध्यावर, जिथे वरची माती संपून खालचा थर लागतो, तेल साचून राहिलेलं असतं.

नमुना वर आला की घड्याळ सुरू होतं. बेंझिन उघड्या मातीतून उडत राहतं. ऑगरमधून आलेली माती पसरून, न्याहाळून, फोटो काढून मग बाटलीत भरली, तर प्रयोगशाळेचा आकडा कमी येणार आणि अहवाल खोटा ठरणार. ते टाळायला सुई नसलेल्या सिरिंजसारख्या नळीने आतल्या, हात न लागलेल्या भागातून साधारण ५ ग्रॅम माती उचलून ती लगेच मिथेनॉलच्या बाटलीत टाकायची, झाकण लावायचं आणि बर्फात ठेवायचं. पाण्याची ४० मिलिलिटरची बाटली काठोकाठ भरून उलटी करायची, आत बुडबुडा दिसला तर ती टाकून दुसरी भरायची. प्रत्येक नमुन्याला नवे हातमोजे. उरलेली माती पिशवीत बंद करून वाफमापकाने तपासता येते, पण डिझेलची वाफ कमी, त्यामुळे डिझेल मुरलेल्या मातीवरही काटा जेमतेम हलतो. नाकावर तर कधीच विसंबू नये, ते थोड्या वेळात वासाला सरावतं आणि बेंझिन छातीत जातं.

सगळं नीट करूनही ऋतू राहतोच. तेल पाण्यावर तरंगतं, आणि आपल्याकडे पावसाळ्यात भूजल काही मीटर वर चढतं. वर येणारं पाणी तेलाला मातीच्या कणांत आणि खडकाच्या फटीत कोंडून टाकतं. मे महिन्यात ज्या निरीक्षण बोअरमध्ये तेलाचा थर तरंगताना दिसला, तिथेच ऑक्टोबरमध्ये निव्वळ पाणी मिळतं. फक्त ऑक्टोबरच्या पाण्यावरून ‘काही आढळलं नाही’ लिहिणाऱ्याने अर्धंच काम केलेलं असतं. मी उन्हाळ्याअखेरचा आणि पावसाळ्यानंतरचा, असे दोन्ही नमुने हातात असल्याशिवाय ते वाक्य लिहीत नाही. काम संपल्यावर नको असलेली प्रत्येक बोअर बेंटोनाइट आणि सिमेंटच्या मिश्रणाने तळापासून भरून काढावी लागते, नाहीतर वरच्या थरातलं तेल खालच्या स्वच्छ पाण्यापर्यंत आम्हीच नेऊन पोचवू.

तुमच्या विहिरीला किंवा बोअरला पेट्रोल-रॉकेलचा वास आला, तर मोटर चालू करू नका. ठिणगीचा धोका असतो, आणि उपसा केला की तेल तुमच्याच बाजूला ओढलं जातं. विहिरीत कोणालाही उतरू देऊ नका. ते पाणी पिण्याला, स्वयंपाकाला, अंघोळीला वापरू नका. काचेच्या स्वच्छ बाटलीत काठोकाठ पाणी भरून, तारीख लिहून ती थंड जागी ठेवा आणि ग्रामपंचायत किंवा नगरपालिका, प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि पंपमालक या तिघांना लेखी कळवा. तपासणीला येणाऱ्याला विचारा, नमुना कोणत्या महिन्यात घेतला, कोणत्या खोलीवरचा घेतला, आणि पुन्हा कधी घेणार.