काळी चार

तंबोऱ्यावर वाढलेल्या माणसाने जॅझ ऐकू नये असे नाही. ऐकताना आपला षड्ज मात्र मुठीत घट्ट धरून बसू नये. लहानपणी गुरुजींनी सांगितलेले अजून कानात आहे की सारे सरकले तरी सा सरकता कामा नये. ‘ऑल द थिंग्ज यू आर’ ह्या गाण्यात नेमका तोच सरकतो.

जेरोम कर्नने हे गाणे १९३९ साली ब्रॉडवेच्या एका संगीत नाटकासाठी बांधले. नाटक ५९ प्रयोगांत आटोपले. गाणे जॅझवाल्यांनी सोडले नाही. आमचे चिरंजीव गिटारवर रात्रंदिवस तेच घोटू लागले, तेव्हा घरातली शांतता टिकावी म्हणून मी ते पेटीवर उकलायला बसलो.

चालीखाली स्वरांचे झुबके वाजतात. त्यांना कॉर्ड म्हणतात. पहिल्या झुबक्याचा सा पांढरी चार. तिचा मध्यम काळी पाच, तोच दुसऱ्याचा सा. पुढे तशाच उड्या: काळी दोन, काळी चार, काळी एक. भाड्याची खोली दर महिन्याला बदलावी तसा हा सा! मग एकदम तीव्र मध्यमावर, पांढऱ्या पाचवर झेप, आणि तिथून पांढऱ्या एकवर क्षणभर विसावा.

ह्या धावपळीत चाल दर वेळी नव्या सा च्या गंधारावर उतरते, कधी कोमल, कधी शुद्ध. स्वतःचे काही वाजवू पाहणाऱ्याला हा मोठा आधार आहे. चालू झुबक्याचा निषाद एक पायरी उतरवला की पुढच्याचा गंधार हाती येतो. १९४७ साली चार्ली पार्करने तर झुबके हेच ठेवले, कर्नची चाल बाजूला सारली आणि त्याला ‘बर्ड ऑफ पॅराडाइज’ असे नाव दिले. आपल्याकडे ह्याला चोरी म्हणाले असते. मला ती बढत वाटते.

“बाबा, आता मधल्या भागाचा शेवट ऐका,” चिरंजीव म्हणाले. तिथे सा पांढऱ्या तीनवर असतो आणि चाल काळी चार धरून थांबते. शुद्ध गंधार, अगदी भरल्या घरातला. तो स्वर तसाच राहतो. खाली एक परका झुबका येऊन जातो आणि सा पांढऱ्या चारवर बसतो. माझे बोट त्याच पट्टीवर होते, भाताही तोच. आणि गंधार कोमल झाला होता.