माघातली पक्षी-टिपणे

भिगवण. यंदा उजनीत पाणी अजून भरपूर. धरण भरलेले असले की काठचा चिखल उघडा पडत नाही आणि चिखल नाही तर रोहितही नाहीत. पुण्याहून पहाटे निघालेली मंडळी कुंभारगावच्या काठावर नावाड्याला विचारतात, “दादा, फ्लेमिंगो कुठंयत?” दादा म्हणतो, “पाणी उतरू द्या सर, मग येतील.” मंडळी नाराज. तेवढ्यात डोक्यावरून पट्टकादंबांचा थवा कलकलत गेला. हिमालय ओलांडून येणारा हा पक्षी, पण कॅमेरे खालीच राहिले. यादीत त्यांचे नाव नव्हते ना!

*

ज्वारी हुरड्यात आली की भोरड्या दिसणारच. गुलाबी अंग, काळे डोके आणि थव्याची शिस्त अशी की शंभर पक्षी एकदम वळतात. माळ्यावर उभा राहून गोफण फिरवणाऱ्या शेतकऱ्याला मात्र त्यांच्या रंगाचे कौतुक सांगू नये. उन्हाळ्यात मध्य आशियात हेच पक्षी टोळ फस्त करतात, हे त्याला सांगून काय उपयोग? टोळ तिकडचे, कणसे इकडची.

*

ओढ्याकाठच्या झुडपातून “चक्… चक्…”. ब्लिथचा वटवट्या. सगळा हिवाळा तो असाच आत बसून बोलतो. रंग मातकट, खूण सांगावी अशी एकही नाही. कानाने ओळखायचा आणि पुढे जायचे. फोटोशिवाय नोंद नाही असे मानणाऱ्यांच्या वहीत हा पक्षी कधीच येणार नाही.

*

मेळघाट. सागाची पाने गळून जंगल विरळ झालेय. रानपिंगळा शोधायला हाच काळ बरा, कारण हे घुबड भर दिवसा, उघड्या फांदीवर बसते. नेहमीच्या पिंगळ्याहून ओळखायचे ते डोक्यावरून: तिथे ठिपके जवळजवळ नसतातच. पाय दणकट, शेपूट डावी-उजवीकडे झटकण्याची सवय.

इतका उघड्यावर बसणारा पक्षी 113 वर्षे कुणाला सापडला नव्हता. ह्यूमने 1873 साली त्याचे वर्णन केले. डेव्हिडसनने खानदेशात काही नमुने मिळवले, त्यातला शेवटचा 1884 चा. नंतरची एकच नोंद होती, कर्नल माइनर्ट्‌झहागेनची: 1914, गुजरातेतले मांडवी. पुढे पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी तो नमुना तपासला, तेव्हा कळले की कर्नलसाहेबांनी ब्रिटिश म्युझियममधला डेव्हिडसनचाच पक्षी चोरून, पुन्हा भरून, नवी चिठ्ठी लावली होती! रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांनी ही नोंद बाजूला ठेवली, जुन्या खऱ्या नमुन्यांच्या जागा धरल्या आणि नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळ त्यांना रानपिंगळा दिसला. सकाळी, झाडावर बसलेला.

मला या कथेत शोधाइतकीच चोरीही महत्त्वाची वाटते. ती एक खोटी चिठ्ठी पुढे कित्येक वर्षे शोधणाऱ्यांची दिशाभूल करत राहिली.

पुढे तोरणमाळ, यावल, मेळघाट अशा जागा कळत गेल्या. 2014 मध्ये तो तानशाच्या अभयारण्यातही आढळला, म्हणजे मुंबईला पाणी पुरवणाऱ्या तलावाच्या रानात.

आज आम्हाला दिसला नाही. आवाज तरी? तोही नाही. तास-दीड तास बसलो, पिंगळा दोनदा दिसला, त्याची वाट कुणी पाहत नव्हते.

*

सावर फुलली आहे. एका झाडाखाली बसलो की मैना, बुलबुल, कोतवाल, शिंजीर सगळे आपणहून येतात. मागे धावायला नको. नवख्यांना मी आधी सावर दाखवतो, मग दुर्बीण देतो.

*

माळावर संध्याकाळी भोवत्ये गवतात मुक्कामाला उतरतात. उतरण्याच्या वेळी जीप आत घालणारे फोटोग्राफर पाहिले. एका फोटोसाठी सगळा मुक्काम उठवणे म्हणजे पक्षीनिरीक्षण नव्हे, दांडगाई आहे.

*

घरी येऊन आजची नोंद केली: रानपिंगळा, शोधला, नाही. वेळ, जागा, किती वेळ थांबलो, हेही. पक्षी अमुक जागी दिसला नाही, हे इतरांनी लिहिले असेल तरच पुढच्या माणसाला काही कळते. फक्त सापडलेलेच लिहिणाऱ्यांच्या वह्यांवरून पक्षी सगळीकडे आहेत असेच वाटेल.

तेव्हा फेब्रुवारीत बाहेर पडणाऱ्यांना एवढेच सांगणे: हा रानपिंगळ्याच्या विणीचा काळ आहे, मोबाइलवर आवाज वाजवून त्याला घरट्यापासून ओढू नका. आणि दिसला नाही तर वहीत तसे स्पष्ट लिहा.