रेडिएटरचं झाकण

आमची पिकअप २००८ ची. अब्बांनी घेतली होती. ते असेपर्यंत तिच्यावर घर चाललं आणि ते गेल्यावरही चालतंय. चिपळूणहून नारळ, सुकी मासळी, हंगामात आंबा भरून कुंभार्ली घाटाने कराडला जायचं आणि परतताना कांदा-बटाटा, भाजी आणायची, असा हा व्यवसाय. पूर्वी मी स्वतः चालवायचो. कंबरेचं दुखणं सुरू झाल्यावर स्टेअरिंग भाच्याच्या हाती दिलं. तो आपाचा, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचा मुलगा. दुल्हाभाईंच्या इंतकालानंतर त्या घरात कमावणारा तोच एक.

शाबान महिन्यात गाडी गरम व्हायला लागली. सपाटीला काही नाही. पोफळी सोडून घाट चढायला लागलं, मागे पूर्ण लोड असला, की दुसऱ्या गिअरमध्ये काटा हळूहळू वर सरकायचा आणि माथ्याच्या दोन वळणं आधी लालला टेकायचा. भाचा बाजूला घेऊन थांबायचा, इंजिन थंड झालं की पाणी घालायचा. दर वेळी एक-दीड लिटर पाणी कमी निघे. खाली मात्र कुठे थेंब दिसत नव्हता.

तो मला म्हणाला, ‘‘मामू, बाटलीतून पाणी बाहेर येतं.’’ बाटली म्हणजे रेडिएटरच्या बाजूची ती प्लॅस्टिकची टाकी. मी म्हटलं, ‘‘तू जास्त भरत असशील.’’ आठवड्याने तो पुन्हा तेच म्हणाला. मी पुन्हा तेच उत्तर दिलं.

मग एकदा गाडी घाटातच बंद पडली. माल दुसऱ्या गाडीत भरून पाठवावा लागला. घाटापलीकडच्या एका गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून पाच मिनिटांत निकाल दिला: हेड गॅस्केट गेलंय, हेड उतरवावं लागेल, वीस हजार धरून चाला. फोनवर माझ्याशी बोलताना तो पुढे म्हणाला, ‘‘ड्रायव्हर पाणी बघत नाही साहेब. पोरांना फक्त गाडी पळवायला पाहिजे.’’

हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं. महिन्यापूर्वी कूलंटसाठी मी भाच्याला पैसे दिले होते. पावती मागितली नव्हती. आता हिशेब जुळवायला लागलो. कूलंट भरलं असतं तर पाणी कमी का झालं असतं? पैसे कुठे गेले असतील? त्याच रात्री इशानंतर त्याला घरी बोलावलं आणि हे सगळं तोंडावर विचारलं. माझी बायको आत होती, मुलंही होती. तो म्हणाला, ‘‘मामू, मी कूलंट भरलं होतं.’’ एवढंच. मी चावी मागितली. त्याने ती टेबलावर ठेवली, सलाम केला आणि गेला.

आपाचा फोन आला नाही. तिचा स्वभाव मला माहीत आहे, ती बोलणार नव्हतीच. रमजान दहा दिवसांवर आला होता.

वीस हजार खर्च करण्याआधी दुसऱ्या कुणाला तरी दाखवावं, हे मला सुचलं ते पैशांच्या काळजीने. भाच्याच्या काळजीने नाही. हे इथे लिहिलं नाही तर बाकीचं लिहिण्यात काही अर्थ नाही. आमच्या मोहल्ल्यात एक चाचा आहेत, आयुष्यभर डिझेल इंजिनांवर काम केलेले, आता डोळ्यांमुळे घरी असतात. त्यांना विचारलं. ते म्हणाले, ‘‘फजरनंतर येतो. तोवर गाडीला हात लावू नको. रात्रभर थंड राहू दे.’’

ते आले आणि आधी हत्यार नव्हे, प्रश्न काढले. कुठे गरम होते? उभ्या गाडीत, सपाटीला वेगात, की चढाला? पाणी कधी कमी होतं? मी म्हटलं चढाला, लोडमध्ये. ते म्हणाले, ‘‘हे ज्याने चालवली त्यालाच विचारायला पाहिजे होतं. तो कुठे आहे?’’ मी काहीतरी उत्तर दिलं.

मग थंड इंजिनावर त्यांनी रेडिएटरचं झाकण काढलं. गरम असताना झाकणाला हात लावायचा नसतो, आत दाबाखालचं पाणी असतं, ते उसळून तोंडावर येतं. किमान अर्धा-पाऊण तास थांबायचं, मगच जाड फडकं ठेवून उघडायचं. घाटात गाडी तापली की काही लोक घाईने इंजिनात थंड पाणी ओततात, तेही करू नये. तापलेलं हेड अशाने तडकतं किंवा वाकतं.

झाकण उघडं ठेवून मला इंजिन चालू करायला लावलं आणि ते रेडिएटरच्या तोंडात बघत बसले. हेड गॅस्केट फुटलं असेल तर सिलिंडरमधला वायू पाण्यात घुसतो आणि तिथे सारखे बुडबुडे येत राहतात. सुरुवातीचे एक-दोन आले, मग काही नाही. ऑइलची पट्टी काढून पाहिली. पाणी ऑइलमध्ये गेलं असतं तर ते दूध घातलेल्या चहासारखं दिसलं असतं. ते काळंच होतं, जसं जुन्या डिझेल गाडीचं असतं. सायलेन्सरमधून पांढरा धूरही नव्हता. ‘‘गॅस्केट ठीक आहे,’’ ते म्हणाले. वीस हजार तिथेच वाचले. तरी त्यांनी हात थांबवले नाहीत. पंख्याचा पट्टा अंगठ्याने दाबून पाहिला. वॉटर बॉडीच्या, म्हणजे पाण्याच्या पंपाच्या, खालच्या बारीक छिद्रात बोट फिरवलं. पंपाचं सील गेलं की तिथून पाणी झिरपतं. ते कोरडं होतं. रेडिएटरचा वरचा होज पाइप बराच वेळ थंड राहिला आणि मग एकदम तापला, थोड्या वेळाने खालचाही. थर्मोस्टॅट वेळेवर उघडत होता. (आपल्याकडे गाडी गरम झाली की थर्मोस्टॅट काढून फेकायची पद्धत आहे. त्याने रोग बरा होत नाही. इंजिन कायम थंड राहतं आणि डिझेल जास्त खातं. काही इंजिनांत तर पाणी रेडिएटरकडे न जाता आतल्या आतच फिरतं आणि गाडी आणखी तापते.)

झाकण पुन्हा बसवून गाडी चांगली तापवल्यावर चाचांनी वरचा पाइप फडक्यात धरून दाबला. मला म्हणाले, ‘‘तू दाब.’’ तो पिचपिचीत होता. ‘‘तापलेल्या इंजिनाचा पाइप घट्ट पाहिजे. याच्यात दाबच नाही.’’

इथे त्यांनी मला जे समजावलं ते मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. रेडिएटरचं झाकण हे डब्याचं झाकण नाही, तो वॉल्व आहे. आतली स्प्रिंग पाणी दाबाखाली ठेवते. उघड्या भांड्यात पाणी १०० अंशांना उकळतं. प्रेशर कुकरसारखा दाब ठेवला, समजा बाहेरच्या हवेच्या दुप्पट, की ते सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही. घाटात लोड ओढताना ही वरची वीस अंशांची जागा लागते. दाब नसेल तर पाणी आधीच उकळतं, वाफ पाणी ढकलून बाटलीत नेते, बाटली भरून वाहते. इंजिन थंड होताना ते पाणी परत ओढून घ्यायचं काम याच झाकणातला दुसरा छोटा वॉल्व करतो. तोही काम करत नव्हता. म्हणून रेडिएटर दर खेपेला रिकामा होत होता, आणि वाहिलेलं पाणी गरम पत्र्यावर सुकत असल्यामुळे जमिनीवर थेंब पडत नव्हता. चाचांनी बाटलीखालचा पत्रा दाखवला. त्यावर कूलंटचे हिरवट, सुकलेले ओघळ होते. एकावर एक, किती तरी.

म्हणजे कूलंट भरलं होतं.

झाकण हातात घेऊन चाचा म्हणाले, ‘‘हे या गाडीचं नाही. तोंडावर बसतं, पण आतल्या बैठकीपर्यंत पोहोचत नाही. कुणी बसवलं?’’

मीच बसवलं होतं. पावसाळ्यात जुनं झाकण हरवलं होतं. भंगारवाल्याकडे दुसऱ्या कुठल्या तरी गाडीचं मिळालं, फिरवून पाहिलं, बसलं, तीस रुपये दिले आणि विसरून गेलो. पावसाच्या गारव्यात आणि हिवाळ्यात ते निभावलं. ऊन वाढलं, आंब्याचा लोड सुरू झाला, तेव्हा ते उघडं पडलं. त्यात रेडिएटरच्या जाळीत पुढून भाताचा भुसा आणि किडे गच्च बसले होते. चाचांनी सांगितल्याप्रमाणे ती मी इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला पाणी मारून धुतली. पुढून मारलं तर कचरा आणखी आत बसतो. गाडीच्या मॉडेलचं झाकण दोनशे रुपयांच्या आत मिळालं.

सूरह हुजुरात मी लहानपणापासून ऐकतो आहे. खबर आली तर आधी खातरजमा करा, नाहीतर नकळत कुणाला इजा कराल आणि मग पस्तावाल, असं त्यात सांगितलं आहे. थोडं पुढे, पुष्कळशा गुमानांपासून दूर राहा असंही आहे. जुमाच्या बयानात यावर मान डोलावली आहे. पण गॅरेजवाल्याची खबर मी तपासली ती फक्त गाडीपुरती. मुलाबद्दल त्याच तोंडून आलेली खबर मी तपासलीच नाही.

त्या संध्याकाळी आपाकडे गेलो. भाचा मगरिबहून आला नव्हता. आपाने चहा ठेवला. मी सगळं सांगितलं, झाकणाचंसुद्धा. ती म्हणाली, ‘‘त्याचा हात बघितलास का?’’ घाटात एकदा घाईत झाकण उघडताना त्याचं मनगट भाजलं होतं. मामूंचा माल वेळेवर पोहोचायला हवा म्हणून तो थांबला नव्हता. मला सांगितलं नाही, कारण मी म्हणालो असतो, तुलाच अक्कल नाही.

तो आल्यावर मी माफी मागितली. माझ्या बायको-मुलांसमोर तोहमत ठेवली होती, म्हणून दुसऱ्या दिवशी त्याला घरी बोलावून त्यांच्यासमोर पुन्हा मागितली. तो लाजून म्हणाला, ‘‘जाऊ दे मामू.’’ रमजानच्या आदल्या दिवशी नारळांचा पूर्ण लोड भरून आम्ही दोघे कराडला गेलो. घाटात मी काट्याकडेच बघत होतो. तो निम्म्याच्या थोडा वर जाऊन थांबला आणि माथ्यापर्यंत तिथेच राहिला. हेळवाकला उतरून भाच्याने फडक्यात वरचा पाइप दाबून पाहिला आणि मान हलवली.

तेव्हापासून गाडी तोच चालवतो. कूलंट, ऑइल, पंक्चर, काहीही असो, पावती घेतो आणि समोरच्या खणात ठेवतो. मी दोनदा सांगितलं, नको ठेवूस. तो हो म्हणतो आणि ठेवतो.