वाळूवरचे कागद

१९९० साली ह्यांची बदली मदुराईला झाली होती. सासूबाईंची काशी झाली होती, रामेश्वर राहिले होते. तेव्हा गंगेचा गडू घेऊन आम्ही निघालो.

समुद्रस्नान आटोपून किनाऱ्याने येताना ओलीचिंब माणसे दिसली. रात्री नावेतून आलेले लंकेतले तमिळ होते ते. त्या जूनमध्ये तिकडे पुन्हा युद्ध पेटले होते आणि तलैमन्नारपासून आपला किनारा जेमतेम तीस किलोमीटर. एक बाई वाळूवर काहीतरी पसरून वर शिंपले ठेवत होती. पाहते तो मुलांचे शाळेचे दाखले!

अंगावरचे लुगडे ओले आणि ही कागद काय वाळवते? मला नवल वाटले. सासूबाई मात्र थबकल्या. म्हणाल्या, "एकसष्ट साली पानशेतच्या पुरात भांडी गेली त्याचं काही वाटलं नाही गं. पण रेशनकार्ड गेलं, तेव्हा मी पुण्याची हे पुण्यातच पटवून द्यावं लागलं." आणि पिशवीतले कोरडे लुगडे त्यांनी त्या बाईच्या हाती ठेवले.

तेव्हा सरकारचीही वागणूक अशीच होती. १९८३ च्या दंगलींपासून येणाऱ्यांना मंडपमच्या छावणीत आसरा आणि शिधा मिळे. इंग्रजी अमदानीत याच मंडपममधून तपासणी करून मजूर सिलोनच्या मळ्यांवर धाडीत! पण १९९१ मध्ये राजीव गांधींची हत्या झाली आणि नजर पालटली. पहारे वाढले, छावणीत हजेरी कडक झाली, परत पाठवणी सुरू झाली. मारेकरी कोण आणि लेकुरवाळी कोण, हे पाहायला कोणाला सवड होती?

निर्वासितांसाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही, १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर आपली सहीही नाही. त्यामुळे पाहुणा की घुसखोर, हे ज्या त्या वेळच्या वाऱ्यावर ठरते. २०१९ च्या नागरिकत्व कायद्यात पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तान आले, श्रीलंका आली नाही. २०२१ मध्ये तामिळनाडू सरकारने 'निर्वासित' शब्द काढून 'पुनर्वसन छावणी' असे नाव दिले. नाव बदलले, हेही थोडे नाही. पण छावणीत जन्मलेली कितीतरी मुले आता स्वतः आईबाप झाली आहेत आणि अजून कोणत्याच देशाची नाहीत.

सासूबाई आता नाहीत. कपाटातली कागदांची फाइल हाती आली की मला ती वाळू आठवते. ते दाखले उन्हात वाळले असतीलच. पण ते पाहून त्या लेकरांना "तुम्ही आमचेच" असे पुढे कोणी म्हणाले का?