आवाज आणि आठवण

वार्धक्याचे आणि गायनाचे सहसा पटत नाही. दम अपुरा पडतो, वरचा स्वर हुलकावणी देऊ लागतो, आणि रसिक सौजन्याने जुन्या बैठकींच्या गोष्टी काढू लागतात. असे असता इंग्लंडच्या वेरा लिन यांच्या निवडक गीतांचा संग्रह २००९ साली तेथील विक्रीच्या यादीत अग्रस्थानी गेला, तेव्हा बाई ९२ वर्षांच्या होत्या! २०१७ साली त्यांनी शंभरी गाठली, त्या वेळी त्यांचाच जुना ध्वनिमुद्रित आवाज नव्या वाद्यवृंदाच्या साथीत बसवून आणखी एक संग्रह निघाला. तोही तिसऱ्या क्रमांकापर्यंत पोचला. लोकांनी आदर केला वृद्धेचा, पण ऐकली मात्र तिची तरुणपणीची गाणी. यास कोणी भाबडेपणा म्हणेल. मला तसे वाटत नाही.

१९४४ साली वेराबाई चितगाव व आराकान या बाजूस सैनिकांपुढे गाण्यासाठी आल्या होत्या. ‘विसरलेले सैन्य’ म्हणून जे ओळखले जाई, ते हे चौदावे सैन्य. त्यात हिंदी शिपायांचा भरणा मोठा होता. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये मणिपुरातील सांगशाक येथे मराठा पलटण जपान्यांशी झुंजली होती. बाईंची गाणी विलायती शिपायाला त्याच्या घरी नेणारी होती. असली हळवी गाणी सैनिकाचे मन दुबळे करतील, अशी धास्ती त्या काळी विलायतेतील काही शहाण्यांस वाटे.

आमच्या गावचे एक वृद्ध हवालदार ब्रह्मदेशाच्या मोहिमेत होते. तेथे गाणे कसले ऐकलेत, असे मी त्यांना लहानपणी विचारले होते. ते म्हणाले, “रात्री एक जण आईची जात्यावरची ओवी हळूच म्हणायचा. सगळे गप्प व्हायचे.” त्याने मन खचत नसे काय, या प्रश्नावर ते किंचित हसले. “घर आठवल्यानं माणूस खचत नाही बाळ, घर विसरला की खचतो.”

त्या शहाण्यांस याहून चांगले उत्तर मला तरी सापडलेले नाही. वेराबाईंचे उतारवयातील संग्रह घरोघर गेले, ते याच न्यायाने.

१८ जून २०२० रोजी, वयाच्या १०३व्या वर्षी, वेराबाई निवर्तल्या. त्यांचा आवाज तबकडीत सुरक्षित आहे. हवालदारांनी ऐकलेली ती ओवी मात्र कोणीच टिपून ठेवली नाही.