सकाळची दुसरी

लघवी तपासायची म्हणजे सकाळची पहिलीच, हे आपल्याकडे घरोघरी पाठ आहे. आमच्या पेशीतपासणीच्या खिडकीवर नियम उलटा. रात्रभर मूत्राशयात साठलेल्या लघवीत पेशी फुगतात, विरतात, मग काचेखाली ओळखू येत नाहीत. म्हणून आम्ही दुसरी मागतो, तीही ओळीने तीन दिवस. यावरून रोज कुणाशी तरी हुज्जत ठरलेली.

परवा एक काका खोकल्याच्या औषधाची बाटली घेऊन आले. "मॅडम, पहिल्या धारेची आहे!" रांगेत हशा पिकला. बाटली परत करून मी त्यांना आमची डबी दिली.

काकांना मागे एकदा लघवीतून रक्त पडलं होतं. दुखलंखुपलं काही नाही, आपोआप थांबलं, म्हणून अंगावर काढलं. विडीकाडीवाल्या माणसाने तर हे मुळीच करू नये. पुढे गाठ निघाली, ती दुर्बिणीतून खरवडली, मग मूत्राशयात बीसीजी सोडलं. हो, बाळांना क्षयासाठी टोचतात तीच लस; 1976 पासून या कामी येते. आता दर तीन महिन्यांनी दुर्बीण, आणि तिचा त्यांनी धसका घेतलेला. "यातच कळलं तर ती नळी टळेल ना?"

त्यांचा नमुना फिरवून तळाचा साका काचपट्टीवर घेतला आणि पॅपच्या रंगात रंगवला. पॅप म्हणजे पापानिकोलाऊ. गर्भाशयमुखाच्या तपासणीमुळे ते ठाऊक असतात. पण 1945मध्ये मार्शल यांच्यासोबत लघवीतल्या कर्कपेशींवरही त्यांनी लिहिलं होतं. काचेखाली आधी नेहमीच्या छत्रीपेशी दिसल्या, मोठ्या, पसरट, काही दोन केंद्रकांच्या. मग एका कडेला तीन-चार वेगळ्या. केंद्रक शाईच्या डागासारखं काळं, कड वेडीवाकडी, आणि पेशीत बाकी जागाच उरलेली नाही. अशा पेशी भरपूर असत्या तर निदान पक्कं झालं असतं. एवढ्याच असल्याने आमच्या डॉक्टरबाईंनी 'संशयास्पद' असा शेरा मारला.

उग्र कर्करोग या तपासणीत बऱ्यापैकी सापडतो. मवाळ गाठीच्या पेशी मात्र चांगल्या पेशींसारख्याच दिसतात आणि निसटतात. म्हणून आमचा रिपोर्ट निर्मळ आला तरी मूत्राशय निर्मळ असेलच असं नाही. उलट साधा मुतखडासुद्धा पेशींचे घोळके निखळवून उगाच घोर लावतो. एनएमपी-22, फिश अशा नव्या चाचण्या आल्यात; त्या जास्त पकडतात आणि जास्त घाबरवतातही. दुर्बिणीची सुट्टी करेल अशी एकही मला अजून भेटलेली नाही.

काकांची दुर्बीण टळली नाहीच, उलट अलीकडे ओढली गेली. रिपोर्ट घेताना ते तणतणले, "मग तीन दिवस डब्या आणून उपयोग काय?"

मी म्हटलं, "काका, या रोगाचा एक प्रकार गाठ करतच नाही. आतल्या अस्तरात सपाट पसरतो. दुर्बिणीतून नुसता लालसर चट्टा दिसतो, कधी तेवढंही नाही. बीसीजीनंतर तर सगळंच लाल असतं. पण त्याच्या पेशी सुट्या होऊन लघवीत उतरतात. आता डॉक्टर नुसतं बघून थांबणार नाहीत, साध्या दिसणाऱ्या जागेचेही तुकडे घेतील."

"म्हणजे दोन्ही करायचं?"

"दोन्ही."